नाव चुकलं की वस्तू गेली

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंना नोकरी सांभाळून घरून भेटवस्तूंचा व्यवसाय सुरू करायचा आहे, नाव-फोटो-तारीख घालून बनवलेल्या वस्तूंचा. कॉफीचे मग, कीचेन, उशा, लाकडी पाट्या, बाटल्या, टी-शर्ट असं सगळं त्यांच्या मनात आहे. बचतीतून एखादं मशीन घेता येईल. कोणतं घ्यावं, भाव कसा लावावा, गिऱ्हाईक कुठून आणावं आणि नोकरी कधी सोडावी, हे त्यांना विचारायचं आहे.

मी चौदा वर्षं हाच धंदा करते आहे. मशीनचं उत्तर देईन, पण आधी दुसरंच सांगते, कारण माझे पैसे मशीनमुळे कमी आणि बाकीच्या गोष्टींमुळे जास्त बुडाले.

दुसऱ्याच वर्षी मला साठ लाकडी पाट्यांची ऑर्डर मिळाली. एका समारंभात पाहुण्यांना द्यायच्या होत्या. निरोपात तारीख आली होती ०४/०३. आकड्यांपेक्षा अक्षरात छान दिसेल म्हणून मी प्रत्येक पाटीवर ‘४ मार्च’ असं कोरलं. ऑर्डर देणारी व्यक्ती ज्या देशात राहत होती तिथे आधी महिना लिहितात. त्यांना ३ एप्रिल म्हणायचं होतं. लाकूड उत्तम होतं, कोरीवकाम स्वच्छ होतं, पॅकिंग देखणं होतं, आणि साठच्या साठ पाट्या सरपण झाल्या.

या धंद्याचं गणित त्या साठ पाट्यांत आहे. साधी भेटवस्तू विकली गेली नाही तर पुढच्या मोसमात विकता येते, सवलतीत काढता येते. नाव घातलेली वस्तू जगात एकाच माणसाला हवी असते, तीही एका ठराविक दिवसाआधी. चुकली किंवा उशिरा पोचली तर तिची किंमत शून्य. मग त्या कोऱ्या मालाचे पैसे, तुमचा वेळ आणि दुसरी वस्तू घाईने पाठवायचा खर्च, असं तिन्ही तुमच्याच अंगावर येतं. म्हणून छपाई किंवा कोरीवकाम हा या धंद्याचा सोपा भाग आहे. गिऱ्हाइकाच्या मनातलं नाव वस्तूवर जसंच्या तसं उतरवणं आणि ते वेळेत पोचवणं, यासाठी लोक तुम्हाला पैसे देतात.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. वस्तूला हात लावेपर्यंत ती कोरीच असते आणि कोरा माल कुणालाही चालतो. बेनेटन या इटालियन कंपनीने स्वेटर आधी न रंगवलेल्या लोकरीत विणून ठेवायचे आणि कोणता रंग खपतोय ते कळल्यावर रंगवायचे, अशी पद्धत वापरली होती. आपण तेच करतो, फक्त रंगाऐवजी नाव. उलट टोकाचं उदाहरण कोका-कोलाचं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांनी तिथली दीडशे लोकप्रिय नावं बाटल्यांवर छापली. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडतं, आपल्याला नाही. खपतील अशी नावं आधीच छापून ठेवायचा मोह होईल, तो टाळा. मी टाळला नव्हता. एक खोकाभर कीचेन अजून माळ्यावर आहेत. आणि गंमत अशी, की त्या दीडशे नावांत ज्याचं नाव नसतं तोच आपला खरा गिऱ्हाईक असतो.

आता मशीन.

पहिल्या तीस-चाळीस ऑर्डरींसाठी काहीच विकत घेऊ नका. छपाई आणि लेझर कटिंग करून देणारे लोक बहुतेक ठिकाणी असतात. त्यांच्याकडून जॉबवर्क करून घ्या. नफा कमी सुटेल, कधी सुटणारही नाही. पण तुमच्याकडे लोक काय मागतात ते कळेल. मी मगांच्या तयारीत होते आणि माझ्याकडे मागणी आली ती दारावरच्या पाट्यांची. आधी मग-प्रेस घेऊन बसले असते तर मगच विकत राहिले असते, केवळ मशीन घेतलंय म्हणून.

मागणी मग, उशा, पॉलिस्टरचे टी-शर्ट, फोटोच्या पाट्या अशी असेल तर सब्लिमेशन घ्या. सुरुवातीला सगळ्यात कमी पैशात यातच उतरता येतं. यात शाई कागदावर छापतात, कागद वस्तूवर दाबून तापवतात आणि शाई द्रवरूप न होता थेट वायू होऊन पॉलिस्टरमध्ये किंवा पॉलिमरच्या थरात शिरते. म्हणून साध्या चिनी मातीच्या मगावर ती बसत नाही, वर खास लेप दिलेला मगच लागतो. सुती कापडावर आज छान दिसेल, धुतलं की उडेल. यात पांढरी शाई नसते, जे पांढरं दिसतं तो खालच्या वस्तूचा रंग. काळ्या टी-शर्टवर सब्लिमेशन मागणारा दर आठवड्याला एक तरी भेटतो. त्याला नम्रपणे नाही म्हणायला शिका.

मगासाठी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि अडीच ते चार मिनिटं, कापडासाठी २०० अंशांच्या आसपास आणि पाऊण ते एक मिनिट. पण हे आकडे पाठ करू नका. प्रत्येक प्रेसचा काटा थोडं खोटं बोलतो आणि प्रत्येक पुरवठादाराच्या मगावरचा लेप वेगळा असतो. नवा माल आला की त्यातले दोन-तीन मग वेगवेगळ्या वेळा देऊन खर्ची घाला आणि जमलेला आकडा खोक्यावरच लिहून ठेवा. रंग फिके आले तर उष्णता किंवा वेळ कमी पडली. तपकिरी झाक आली किंवा कडा पसरल्या तर जास्त झाली. एका चित्राच्या दोन सावल्या दिसल्या तर कागद हलला, टेप नीट लावा. कापड दमट असेल तर डाग पडतात, म्हणून कागद ठेवण्याआधी चार-पाच सेकंद नुसतं दाबून ओल काढून घ्यायची. मगाच्या कानाजवळ आणि अगदी वरच्या-खालच्या कडेला दाब पोचत नाही, तिथे नाव किंवा चेहरा येऊ देऊ नका. आणि छापण्याआधी चित्र मिरर, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं केलंय ना, ते पाहा. आपण सगळेच एकदा उलटं नाव छापतो. दुसऱ्यांदा छापलं तर प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवा, मी चिकटवली आहे.

प्रिंटर पिएझो हेडचा, म्हणजे शाई न तापवता दाबाने उडवणारा लागतो. उष्णतेने शाई उडवणाऱ्या प्रिंटरमध्ये ही शाई चालत नाही. पिएझो प्रिंटर काही दिवस बंद राहिला की त्याचे नोझल, म्हणजे शाईची बारीक भोकं, सुकतात. ऑर्डर नसली तरी चारही रंगांच्या पट्ट्या असलेलं एक पान छापत राहायचं.

मागणी पाट्या, लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं, धातूच्या बाटल्या अशी असेल तर लेझर. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण ‘लेझर’ हा एक शब्द तीन वेगळ्या यंत्रांसाठी वापरतात. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. तो लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं कापतो, काचेवर कोरतो, पण उघड्या धातूवर त्याचं काही चालत नाही. पावडर कोटिंगच्या बाटलीवरचा रंग मात्र तो उडवतो आणि खालचं स्टील उघडं पडतं, त्यामुळे नावाच्या बाटल्या त्याच्यावर छान होतात. फायबर लेझर १.०६४ मायक्रोमीटरचा. तो धातूसाठी उत्तम, लाकडासाठी निरुपयोगी. स्वस्तातले छोटे डायोड लेझर बहुधा ४५० नॅनोमीटरचे, म्हणजे निळ्या प्रकाशाचे असतात. पातळ लाकूड आणि गडद अ‍ॅक्रिलिक त्यांना जमतं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून मात्र तो प्रकाश सरळ आरपार जातो. जाहिरातीत लाकूड कापताना दाखवतात आणि घेणारा घरी येऊन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावतो.

अ‍ॅक्रिलिकमध्येही कास्ट आणि एक्स्ट्रूडेड असे दोन प्रकार आहेत. कास्टवर कोरलं की पांढरं, दुधी अक्षर उमटतं. एक्स्ट्रूडेडवर अक्षर जेमतेम दिसतं, पण ते कापायला चांगलं. नावाच्या पाटीसाठी कास्टच मागा.

लेझरबद्दल एक गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दटावून सांगते: पीव्हीसी नावाचं प्लास्टिक लेझरखाली ठेवायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे रूळ, आरसे गंजवून टाकतो. चामड्यासारखी दिसणारी पुष्कळ रेक्झिन पीव्हीसीची असते आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून त्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो माल परत करा. ही तपासणी उघड्या हवेत करा. लेझर चालू असताना खोली सोडायची नाही, पाणी प्यायलाही नाही. धूर बाहेर काढणाऱ्या पंख्याशिवाय मशीन घरात लावूच नका.

बाकीच्या पद्धती सुरुवातीला जॉबवर्कवरच ठेवा. डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबणं, गडद आणि सुती कपड्यांसाठी बरं पडतं, त्यात पांढरी शाई असते आणि पावडरच्या चिकट थराने चित्र कापडाला चिकटतं. यूव्ही प्रिंटिंग, म्हणजे अतिनील प्रकाशाने शाई सुकवणारी छपाई, जवळजवळ सगळ्यावर होतं, पण मशीन महाग आणि देखभाल कटकटीची. भरतकाम दिसतं राजेशाही, पण पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं त्यात गिचमिड होतात. देवनागरीला तर वेलांटी, रफार, अनुस्वार असल्यामुळे अजून मोठं अक्षर घ्यावं लागतं.

आता ऑर्डर घेण्याबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नाव कधीही स्वतः टाइप करू नका. गिऱ्हाइकाने जे लिहून पाठवलं ते उचलून तसंच चिकटवा. फोनवर सांगितलेलं नाव चालणार नाही, लिहूनच मागा. ‘तेच हो, आपलं नेहमीचं नाव’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडूनही मागा. आणि नावाचं शुद्धलेखन सुधारू नका. शाळेत ज्यांचं मराठी चांगलं होतं त्यांना हे फार जड जातं, मलाही गेलं. एका मुलीच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी मी दीर्घ केली, कारण व्याकरणाने तीच बरोबर होती. तिच्या आईने शांतपणे सांगितलं, ‘जन्मदाखल्यावर ऱ्हस्व आहे.’ नावाला व्याकरण नसतं, दाखला असतो.

देवनागरीची आणखी एक पीडा म्हणजे फॉन्ट. युनिकोडमध्ये लिहिलेलं नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाकलं की चौकोन किंवा भलतीच अक्षरं येतात. ती निदान लगेच दिसतात. जास्त धोका असतो तो जोडाक्षरं तुटण्याचा. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी चालू केली नसेल तर ‘त्र’चं ‘त्‌र’ होतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती नंतर जाऊन बसते, रफार भलत्याच डोक्यावर चढतो. इंग्रजीच्या सवयीने डोळा ते सरसर वाचून पुढे जातो. मी प्रत्येक नाव उलट्या क्रमाने, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे, एकेक अक्षर करून वाचते. वेडेपणा वाटेल, पण मेंदूला नाव ओळखीचं वाटलं की तो चुका स्वतःच दुरुस्त करून घेतो, आणि उलटं वाचताना त्याला ते करता येत नाही.

तारीख नेहमी महिन्याचं नाव घालून परत विचारा: ‘३ एप्रिल, बरोबर?’ माझ्या साठ पाट्यांनी मला हे शिकवलं.

फोटो मागताना चॅटमध्ये नुसता टाकू नका म्हणून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपमध्ये फोटो दाबून लहान होतो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटरच्या फोटोला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल, आणि मगावरच्या २० बाय ९ सेंटिमीटरच्या पूर्ण गुंडाळ्याला सुमारे २३६० बाय १०६०. त्याच्या निम्मे असतील तर फोटो लहान करून भोवती जागा सोडा, मजकूर वाढवा. जुन्या, गेलेल्या माणसाचा एकच धूसर फोटो असतो तेव्हा ही युक्ती उपयोगी पडते. तिथे ‘दुसरा फोटो पाठवा’ हे वाक्य लिहिण्याआधी दोनदा विचार करा, दुसरा नसतोच. अशा ऑर्डरीत मी एक जादा वस्तू बनवून बाजूला ठेवते आणि त्याचे पैसे लावत नाही.

त्यानंतर प्रूफ, म्हणजे मंजुरीसाठीचा नमुना. डिझाइनचं चित्र पाठवायचं, खाली नाव, तारीख, रंग, आकार लिहायचा आणि ‘मंजूर’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. ‘छान’ किंवा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. अंगठा दाखवून नंतर ‘मी नीट पाहिलंच नव्हतं’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. प्रूफ पाठवताना असं लिहा: ‘नावातलं प्रत्येक अक्षर आणि तारीख तपासून मंजूर असं लिहा. यानंतर बदल करता येणार नाही.’ मंजुरीनंतर चूक गिऱ्हाइकाची निघाली तर कोऱ्या मालाच्या खर्चात दुसरी करून द्या. चूक तुमची असेल तर एक शब्दही न बोलता फुकट द्या, आणि स्वतःच्या खर्चाने जलद पाठवा.

परतीच्या नियमाबद्दल पुष्कळांना शंका असते. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. इतरत्रही अशी सूट पुष्कळदा मिळते, तुमच्याकडचा नियम पाहून घ्या. सूट मात्र मन बदलण्यापुरती असते. वस्तू सदोष असेल किंवा प्रूफसारखी नसेल तर जबाबदारी तुमचीच राहते. ‘नावाचा माल परत घेतला जाणार नाही’ अशी मोठ्या अक्षरातली पाटी लावून ती टळत नाही.

भाव. नव्या माणसाचा ठरलेला घोटाळा असा, की तो कोऱ्या मगाची किंमत पाहतो, शाई-कागद धरतो, दुप्पट करतो आणि खूश होतो. एक दिवस घड्याळ लावून बसा. माझ्या एका साध्या मगाचा हिशेब असा निघाला होता: बोलणं १२ मिनिटं, डिझाइन ८, प्रूफ आणि दुरुस्ती ५, छापणं आणि दाबणं ७, पॅकिंग ६, पत्ता आणि पार्सल ४. एकूण ४२ मिनिटं. छपाईची होती फक्त सात, बाकी सगळं बोलणं आणि सांभाळणं. म्हणजे ‘मशीन वेगवान घेतलं तर नफा वाढेल’ हे इथे लागू होत नाही. वाढतो तो बोलणं कमी झालं तर. पाच ठरलेली डिझाइन ठेवा, तीन फॉन्ट ठेवा, नाव-तारीख-फोटो विचारणारा एक साधा फॉर्म ठेवा. आम्ही ते केलं आणि बोलण्याची बारा मिनिटं चारवर आली. अगदी मनाजोगतं डिझाइन हवं असेल त्याला ते द्या, पण वेगळ्या भावात.

वाया जाणारा माल भावात धरा. शंभरातले आठ मग बिघडत असतील, तर शंभरांचा खर्च ब्याण्णव मगांनी भरून काढायचा असतो. म्हणजे प्रत्येक मगाचा माल जवळपास नऊ टक्क्यांनी महाग धरा. सुरुवातीला आठाहून जास्तच बिघडतील. मशीनची झीज, पैसे स्वीकारण्याचं कमिशन, टेप, खोकी, लेबल हे सगळं जोडा. स्वतःच्या वेळेला तासाचा दर लावा, तो दर नोकरीतल्या दरापेक्षा फार खाली जात असेल तर छंद म्हणून खुशाल करा पण त्याला धंदा म्हणू नका. एवढं करून येणारा भाव बाजारातल्या मगापेक्षा जास्त असेल, असायलाच हवा. शेजारच्या दुकानातल्या कोऱ्या मगाशी तुलना करणारं गिऱ्हाईक जाऊ द्या.

पार्सलचा भाव ठरवताना वजनकाट्यावर विसंबू नका. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो मोठा असेल त्याचे पैसे घेतात. अर्ध्या किलोची उशी ४० बाय ४० बाय १५ च्या खोक्यात घातली तर ती ४.८ किलोची होते. उशी हवा काढून पिशवीत दाबून पाठवा. किंवा नुसता अभ्राच विका, मी शेवटी तेच केलं. मगाला मात्र कंजूषी नको. एका खोक्यात दुसरं खोकं, मध्ये दोन बोटांचं भरण, आणि मग कमरेच्या उंचीवरून तुमच्याच फरशीवर टाकून पाहा.

हक्कांबद्दल झटपट सांगते, पण हलक्यात घेऊ नका. कार्टूनमधली पात्रं, खेळांच्या संघांची चिन्हं, नटनट्यांचे फोटो, गाण्याच्या ओळी, हे कुणाच्या तरी मालकीचं असतं. ‘गिऱ्हाइकानेच चित्र दिलं’ म्हणून तुम्ही सुटत नाही, छापून विकणारे तुम्ही. स्टुडिओत काढलेल्या फोटोचा हक्कही बऱ्याचदा फोटोग्राफरकडे असतो, फोटोतल्या माणसाकडे नव्हे. फुकट मिळणाऱ्या फॉन्टपैकी पुष्कळ फक्त वैयक्तिक वापरापुरते असतात, परवाना वाचा. आणि लोक तुम्हाला त्यांच्या लेकरांचे फोटो, नावं, जन्मतारखा, घरचे पत्ते विश्वासाने देतात. ऑर्डर पोचल्यावर ठराविक दिवसांनी ते पुसून टाका, आणि तुमच्या जाहिरातीत वापरायचे असतील तर आधी विचारा. तान्ह्या बाळांच्या वस्तूंवर मणी, बटणं, सुटे तुकडे लावू नका, ते तोंडात जातात.

गिऱ्हाईक कुठून येतं? सुरुवातीला ओळखीतून, आणि त्यांना फुकट देऊ नका. फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल कुणी खरं बोलत नाही. सगळ्या प्रसंगांच्या मागे धावण्यापेक्षा एकच धरा. बाळाचा जन्म, निवृत्ती, नवं घर, पाळीव प्राणी, काहीही. निवृत्तीच्या भेटवस्तू कोण निवडतं, किती दिवस आधी शोधतं, किती जण मिळून वर्गणी काढतात, हे एकदा कळलं की तुमचा फॉर्म, तुमचे फोटो, तुमचे शब्द सगळं त्या एका माणसासाठी लिहिता येतं. ‘सर्व प्रकारच्या भेटवस्तू मिळतील’ असं लिहिणाऱ्याकडे कुणी थांबत नाही.

वस्तूचे फोटो काढताना खोट्या नावाची वस्तू बनवून काढा आणि नाव जरा लांबलचक घ्या. तीन अक्षरी नाव सगळ्यावरच सुंदर दिसतं. गिऱ्हाईक बारा अक्षरांचं पाठवतं आणि मग म्हणतं, फोटोत असं नव्हतं.

वाढदिवसाची भेट घेणारा पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ शकतो. परवानगी घेऊन तारीख एका वहीत लिहून ठेवा, तीन आठवडे आधी एक निरोप पाठवा. एकच, सात नव्हे. माझ्याकडच्या परत येणाऱ्या ऑर्डरींतला मोठा वाटा या एका वहीतून येतो, जाहिरातीतून नाही.

कंपन्यांच्या ऑर्डरी हा वेगळा प्रकार आहे. पन्नास वस्तू, पन्नास नावं, एक डिझाइन. बोलणं एकदाच करायचं असतं, त्यामुळे नफा इथेच असतो. पण नावांची यादी एक्सेलमध्ये मागा, ती त्यांच्याच माणसाकडून तपासून घ्या, निम्मे पैसे आगाऊ आणि बाकीचे माल निघायच्या आधी घ्या. दहा टक्के कोरा माल जादा ठेवा. यादी पाठवल्यावर दोन नवे कर्मचारी रुजू होतात, आणि हे दर वेळी होतं.

मोसमात सगळ्या ऑर्डरी एकदम येतात. तुमच्या ताकदीचा दिवसाचा आकडा आधी ठरवा, शेवटची तारीख आठवडाभर आधी जाहीर करा आणि ती आली की नवी ऑर्डर घेऊ नका. पहिल्या मोसमात मी शेवटच्या दिवशीही हो म्हणत राहिले. अकरा पार्सलं प्रसंग उलटल्यावर, दुसऱ्या दिवशी पोचली. त्यातली तीन माणसं पुन्हा कधी आली नाहीत, आणि आठ जणांना मी पैसे परत केले.

नोकरीचं आता सांगते. लागोपाठ सहा महिने, त्यातले किमान तीन बिगर-मोसमाचे, धंद्यातून तुमच्या वेळेचा दर वजा जाऊनही पैसे उरत असतील आणि रात्री दहानंतर तुम्ही ऑर्डरी नाकारायला लागला असाल, तेव्हा सोडायचा विचार करा. त्याआधी एक प्रयोग करा. नोकरीतून दोन आठवडे रजा घ्या आणि दिवसभर फक्त हेच करा. बहुतेकांना वाटतं की दुप्पट वेळ मिळाला तर दुप्पट ऑर्डरी करू. त्या दोन आठवड्यांत कळतं की अडतं ते वेळेवर की गिऱ्हाइकांवर. गिऱ्हाइकांवर अडत असेल तर रजा संपवून कामावर जा आणि ती प्रसंगाची वही भरत राहा.